नव्या मोटारसायकलची हमी आणि आपली हौस

मोटारसायकल ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. घरातील कर्ती माणसे तिच्यावरून कामावर जातात, मुलांना शाळेत पोचवितात, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात आणि बाजारहाटही करतात. बहुतेक घरी ती हप्त्यांवर घेतलेली असते. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी तिचे पैसे पुढे दोनतीन वर्षे फेडावयाचे असतात. अशा काळात गाडी बिघडली तर तो खर्च अंगावर येऊ नये, म्हणून उत्पादक कंपनी जी हमी देते तिला आपण सर्वजण वॉरंटी म्हणून ओळखतो. या हमीचे मोल सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठे आहे.

परंतु गाडी घरी येते न येते तोच तिला काही ना काही ‘बसवून घेण्याची’ घाई सुरू होते. कोणाला गंभीर आवाजाचा सायलेन्सर हवा असतो, कोणाला प्रखर दिवे, कोणाला रुंद टायर, तर कोणाला भोंग्यासारखा हॉर्न. या वस्तूंची दुकाने प्रत्येक शहरात असतात आणि तासाभरात काम होते. त्या तासाभरात हमीचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो पुढे आपोआप उभा राहतो.

समजा, गाडी घेऊन आठ महिने झाले आहेत. घरातील मुलाने तिला बाहेरचा सायलेन्सर बसविला आहे. एके दिवशी गिअरपेटीतून खडखडाट येऊ लागतो. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरवर नेली असता तेथील माणूस सायलेन्सरकडे बोट दाखवून म्हणतो, “साहेब, गाडीत बदल केलाय. वॉरंटी गेली.” हे उत्तर बरोबर आहे काय? सायलेन्सर बदलल्याने संपूर्ण गाडीची हमी नाहीशी होते काय? या महिन्यात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

हमी कशाची असते?

हमी हे उत्पादकाने दिलेले मर्यादित वचन आहे. एखाद्या भागाच्या मालात किंवा घडणीत दोष आढळला, तर तो भाग विनामूल्य दुरुस्त करून अथवा बदलून देऊ, एवढेच हे वचन असते. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तेथे ते संपते. ब्रेकचे पॅड, क्लचच्या प्लेटा, केबल, फिल्टर, बल्ब यांसारखे वापराने झिजणारे भाग सामान्यतः या वचनात येत नाहीत. टायर व बॅटरी यांची हमी बहुधा त्या त्या वस्तूच्या उत्पादकाची स्वतंत्र असते.

या वचनाला काही अटी जोडलेल्या असतात. ठरलेल्या मुदतीत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करून घेणे, ही पहिली अट होय. गाडीला कोणताही बदल न करतासुद्धा केवळ एक सर्व्हिस चुकल्याने दावा अडू शकतो, हे ध्यानात ठेवावे. मान्यता नसलेले भाग बसवू नयेत व मूळ रचनेत फेरफार करू नये, ही दुसरी अट. आपल्या आजच्या प्रश्नाचे मूळ या दुसऱ्या अटीत आहे.

ही अट सर्व पुस्तिकांतून एकाच शब्दांत लिहिलेली नसते. ‘अशा बदलामुळे झालेल्या बिघाडाला हमी लागू नाही’ असे म्हणणे निराळे आणि ‘असा बदल केल्यास हमी रद्द होईल’ असे म्हणणे निराळे. पहिल्या वाक्यात बदल आणि बिघाड यांचा संबंध जोडावा लागतो. दुसऱ्या वाक्यात कंपनी तो संबंध न जोडताच हात झटकू पाहते. म्हणून गाडीला पाना लावण्यापूर्वी मालकाच्या पुस्तिकेतील हे एक पान सावकाश वाचावे. पुस्तिका इंग्रजीत असून समजण्यास कठीण वाटल्यास जाणत्या माणसाकडून वाचवून घ्यावी.

बदल आणि बिघाड यांचा संबंध

समाजमाध्यमांवरील अनेक चित्रफितींत ठासून सांगितले जाते की, बदलामुळेच बिघाड झाला हे कंपनीने सिद्ध केल्याशिवाय तिला हमी नाकारताच येत नाही. ही माहिती बहुधा अमेरिकेतून आलेली असते. तेथे १९७५ सालापासून हमीविषयी एक स्वतंत्र कायदा आहे. आमचेच भाग वापरा, नाहीतर हमी गेली, अशी सक्ती करण्यास तो कायदा सामान्यतः मनाई करतो. २०२२ साली तेथील व्यापार आयोगाने याच कारणावरून हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीवर कारवाई केली व हमीपत्रातील मजकूर बदलावयास लावला. परंतु तो कायदा अमेरिकेचा आहे. आपल्याकडे इतका स्पष्ट कायदा नाही, म्हणून त्याच्या भरवशावर भारतात कोणी वाद घालू नये.

तथापि भारतातील ग्राहक अगदीच निराधार आहे, असेही नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारगाडी कंपन्यांविरुद्ध एक महत्त्वाचा आदेश दिला आणि त्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळू न देणे, हा त्या प्रकरणातील मुख्य आक्षेप होता. त्याच आदेशात हमीचाही विचार झाला. ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असा त्याचा आशय होता. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या. शिवाय तो चारचाकी गाड्यांविषयी आणि दुरुस्तीविषयी होता. त्यामुळे मोटारसायकलवरील हौशी बदलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु विचाराची जी दिशा त्यात दिसते ती आपल्या उपयोगाची आहे. बिघाड कोणत्या भागात झाला आणि त्याचे कारण काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, अशी ती दिशा आहे.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. सायलेन्सर हा इंजिनातील जळलेल्या वायूंचा मार्ग होय. गिअरपेटीतील एखाद्या दात्याच्या घडणीत दोष असेल, तर त्याचा सायलेन्सरशी संबंध जोडणे कठीण आहे. अशा वेळी ‘वॉरंटी गेली’ हे तोंडी उत्तर निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच गाडीच्या इंजिनातील व्हॉल्व्ह जळला असता, तर कंपनीच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य असू शकले असते. ते कसे, हे समजण्यासाठी एकेका बदलाचा स्वतंत्र विचार करावयास हवा.

कोणता बदल कोठे बाधतो?

सायलेन्सर. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू आहेत. या मानकांच्या पेट्रोल मोटारसायकलीत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक भाग धुराच्या मार्गातच बसविलेला असतो. त्याच मार्गात प्राणवायूचे प्रमाण मोजणारा एक सेन्सरही असतो. त्याच्या मापावरून गाडीतील छोटा संगणक इंजिनाला किती पेट्रोल द्यावयाचे ते ठरवितो. बाहेरचा मोकळा सायलेन्सर बसविला म्हणजे पुष्कळदा शुद्धीकरणाचा भाग निघून जातो आणि सेन्सरचे गणित बिघडते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले की इंजिन अधिक तापते व त्याची झळ व्हॉल्व्हना पोचते. अशा स्थितीत इंजिनाचा दावा नाकारला गेला, तर भांडावयास फारशी जागा उरत नाही.

हवेचा फिल्टर. अधिक हवा आत घेणारे फिल्टर बाजारात मिळतात. परंतु अधिक हवेबरोबर धूळही आत जाऊ शकते आणि आपल्या रस्त्यांवर धुळीची वाण नाही. ती सिलिंडरच्या आत घासत राहिली की पिस्टनच्या रिंगा वेळेपूर्वी झिजतात.

दिवे व हॉर्न. सर्वांत सहज होणारा आणि सर्वांत कमी समजला जाणारा बदल हा आहे. लहान मोटारसायकलीच्या मूळ हॅलोजन दिव्याला साधारणपणे ३५ वॅट वीज लागते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो पेटलेलाच राहतो. म्हणजे तेवढा भार आधीच वाहिला जात असतो. त्यात प्रत्येकी ५५ वॅटचे दोन दिवे जोडले की ११० वॅटची, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअरची भर पडते. मूळ दिव्याच्या तिपटीहून अधिक असा हा भार आहे. बारीक वायर सोलून, पीळ मारून व वर चिकटपट्टी गुंडाळून तो जोडला, तर वायर तापते, फ्यूज उडतो, बॅटरी बसते आणि प्रसंगी आगही लागते. यानंतर विजेच्या कोणत्याही भागाचा दावा केल्यास तंत्रज्ञ पहिल्याने ती कापलेली वायरच दाखवील. सेंट्रल लॉक, मोबाईलचा चार्जर आणि गाडीचा माग सांगणारे यंत्र यांनाही हीच गोष्ट लागू आहे.

टायर, हँडल व स्प्रॉकेट. मूळ रिमवर मापाहून रुंद टायर चढविला तर तो चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो आणि बेअरिंगवरील ताणही वाढतो. उंच किंवा रुंद हँडल बसविल्यास केबल व वायरी ताणल्या जातात. स्प्रॉकेटचे दाते बदलले म्हणजे इंजिनावरील भार बदलतो. या प्रत्येक बाबतीत त्या त्या भागांची हमी धोक्यात येते.

सांगाडा. गाडीच्या मूळ चौकटीला वेल्डिंग करणे, ती कापणे किंवा तिला भोक पाडणे यांसारखा घातक बदल दुसरा नाही. उष्णतेने लोखंडाचा गुण बदलतो आणि जोड कोठे तुटेल ते सांगता येत नाही. येथे हमीपेक्षा प्राणाचा प्रश्न मोठा आहे.

तेल. बाहेरचे इंजिन ऑइल घालणे हा बदल आहे असे कोणाला वाटत नाही. परंतु बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारगाडीसाठी केलेले, घर्षण कमी करणारे तेल त्यात घातले तर क्लच निसटू लागतो. म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच तेल वापरावे आणि त्याची पावती जपून ठेवावी.

याउलट आसनाचे आवरण, टाकीवरील रबरी पट्टी, हँडलला नुसता आवळलेला मोबाईलचा धारक, सामानाची काढघाल करता येणारी पिशवी, अशा वस्तूंमुळे सहसा काही बिघडत नाही. कापावे, सोलावे, वेल्डिंग करावे किंवा भोक पाडावे लागते काय, एवढे विचारले तरी बहुतेक वेळा उत्तर सापडते.

जेथे कायदाच आडवा येतो

काही बदलांच्या बाबतीत हमीचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण ते बदल करण्यासच कायद्याची मनाई आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आवाज व धूर यांच्या मानकांचा भंग करणाऱ्या गाडीसाठी याच दुरुस्तीने १०,००० रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. आपण मुंबईत राहत असा, बडोद्यात असा, इंदुरात असा किंवा हैदराबादेत, हा कायदा सर्वत्र एकच आहे.

एका गोष्टीचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. गाडी ‘देखणी’ दिसावी म्हणून पुष्कळ तरुण मागील चाकाजवळचा साडी गार्ड काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाराला धरावयास मूठ, पाय ठेवावयास जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मोटारसायकलीला असलेच पाहिजे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतून जे अपघात होतात, ते टाळण्यासाठी हा नियम आहे. जी वस्तू आई, बहीण वा पत्नी यांच्या रक्षणासाठी लावलेली आहे, ती शोभेखातर कोणीही काढू नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम ८७ कडेही लक्ष असावे. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादन-दायित्वाखाली नुकसानभरपाई मागता येते. परंतु इजेच्या वेळी त्या वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध अशी कारवाई करता येत नाही, असे हे कलम सांगते. विम्याचेही असेच आहे. बसविलेल्या वस्तू विमा कंपनीला कळविलेल्या नसल्या, तर त्यांची भरपाई मिळण्याची आशा धरू नये आणि मुख्य दाव्यालाही अडचण येऊ शकते, हे ओळखावे.

विक्रेत्याने बसविलेले सामान

गाडी देतेवेळीच विक्रेता लेग गार्ड, लॉक, दिवे यांचा एक संच पुढे करतो. आपली समजूत अशी होते की, अधिकृत दुकानात बसविले म्हणजे हमी सुरक्षित आहे. असे नेहमीच नसते. उत्पादकाच्या यादीतील, क्रमांक असलेली वस्तू निराळी आणि विक्रेत्याने स्थानिक बाजारातून आणलेली वस्तू निराळी. म्हणून बिलावर प्रत्येक वस्तूचे नाव व क्रमांक स्वतंत्र लिहून घ्यावा. ‘या वस्तूमुळे गाडीच्या हमीला बाध येत नाही’ असे एक वाक्य सही-शिक्क्यानिशी मागावे. जो विक्रेता ते लिहून देण्यास कचरतो, त्याच्याकडून ती वस्तू न घेणे बरे.

बदल बाहेर करून घेतला तर काढलेला मूळ भाग फेकू नये किंवा विकू नये. तो कोरड्या जागी बांधून ठेवावा, म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणता येते. मात्र सर्व्हिस सेंटरला जाण्याच्या आदल्या रात्री मूळ भाग चढवून काही केलेच नाही असे भासवू नये. हल्लीच्या गाड्यांतील संगणक बिघाडाच्या खुणा नोंदवून ठेवतो आणि कापलेली वायर बोलून दाखविते. एकदा खोटे उघडकीस आले म्हणजे आपल्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

हमी नाकारली गेली तर

दावा नाकारला गेल्यास संतापून निघून येऊ नये. पुढील क्रम ठेवावा.

१. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी व त्याची प्रत मागावी.

२. कोणता भाग बिघडला, त्याचे कारण काय आणि हमीपत्रातील कोणत्या अटीने दावा नाकारला, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात.

३. बिघडलेल्या भागाची छायाचित्रे घ्यावीत. तो भाग बदलला गेल्यास जुना परत मागावा.

४. विक्रेत्याकडून दाद न लागल्यास कंपनीच्या ग्राहक विभागाला सर्व कागदांच्या प्रतींसह पत्र अथवा ई-मेल पाठवावा.

५. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

६. तेवढ्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावयास हवा. आपण जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील आयोगाकडे तो करता येतो, त्यामुळे गाडी दुसऱ्या गावी घेतलेली असली तरी अडत नाही. पाच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही.

दोष घडणीचा की बदलाचा, हे नुसते पाहून ठरत नसेल, तर आयोग तो भाग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. त्याचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरावे लागण्याचा संभव असतो. गिअरपेटी आणि सायलेन्सर यांचा संबंध आहे की नाही, हा वाद अशा तपासणीने मिटू शकतो. परंतु तेथे आपल्या बाजूने बोलावयाला कागद हवेत. वेळेवर केलेल्या सर्व्हिसच्या नोंदी, तेलाची पावती, बिल आणि नकाराचे पत्र एका पाकिटात एकत्र असले, तर निम्मे काम झालेले असते.

हौस करू नये असे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. तरुणांनी गाडीवर प्रेम करावे, ती पुसावी, सजवावी, यात गैर काही नाही. परंतु हप्ते फिटेपर्यंत ती गाडी सबंध घराची आहे. म्हणून ज्या बदलासाठी वायर, धुराचा मार्ग किंवा चौकट यांना हात लावावा लागतो, तो निदान हमीची मुदत संपेपर्यंत लांबणीवर टाकावा. आणि ज्याला कायद्याची मनाई आहे, तो मुदत संपल्यावरही करू नये. ज्यांच्या घरी नुकतीच गाडी आली असेल, त्यांनी आज रात्री जेवणे झाल्यावर ती पुस्तिका काढून हमीचे पान घरातील मुलांसमवेत वाचावे.

पुढील महिन्यात जुनी मोटारसायकल विकत घेताना कोणते कागद पाहावेत, याचा विचार करू.